देवळालीचा ताप

(देवळाली कॅम्प येथे झालेल्या कौटुंबिक मेळाव्यात एका ज्येष्ठ पत्रकाराने केलेल्या भाषणाचे हे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



निमंत्रण देण्यासाठी आपले कार्यकर्ते घरी आले, तेव्हा त्यांनी विषय सांगितला : 'दैनंदिन ताणतणाव आणि जगण्यातील छोटे आनंद'. होकार देण्यापूर्वी मी दोन दिवस मागून घेतले. या विषयावरची व्याख्याने वार्ताहर म्हणून मी पुष्कळ ऐकली आणि छापलीही आहेत. पहाटे उठा, पक्ष्यांची किलबिल ऐका, हसत राहा, असे तासभर सांगून वक्ता गाडीत बसतो आणि दार लावण्याआधीच भ्रमणध्वनीवर कोणावर तरी खेकसू लागतो, हे मी स्वतः पाहिलेले आहे. त्या पंक्तीत आपण बसू नये, असे वाटत होते. मग लक्षात आले की, व्याख्यान देवळालीत आहे. आणि या विषयासाठी देवळालीइतके योग्य गाव शोधूनही सापडणार नाही.

'टेन्शन' हा शब्द आपल्या घरात शिरण्यापूर्वी आपल्या आजी-पणजीजवळ या दुखण्याला कितीतरी नावे होती. काळजी, विवंचना, घोर, धास्ती. आणि त्यांतले सर्वांत घरगुती नाव म्हणजे ताप. 'डोक्याला ताप झालाय नुसता' हे वाक्य आपल्यापैकी प्रत्येकाने या आठवड्यात एकदा तरी उच्चारले असेल. हा ताप एके काळी तुमच्या गावाचे नाव सोबत घेऊन थेट इंग्रजी भाषेत जाऊन बसला. इंग्रज शिपाई त्याला 'डुलाली टॅप' म्हणत. डुलाली म्हणजे देवळाली आणि टॅप म्हणजे ताप. पुढे त्यातला ताप गळून पडला आणि एकटी डुलाली उरली. आजही इंग्लंडात एखाद्याचे डोके ठिकाणावर नसले की तो 'डुलाली' झाला, असे सहज म्हटले जाते. बोलणाऱ्याला ठाऊकही नसते की, हे नाशिक जिल्ह्यातील एका गावाचे नाव आहे.

हे घडले कसे, ते समजून घेण्यासारखे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रजांनी येथे लष्करी छावणी वसवली. हिंदुस्थानातील चाकरीची मुदत संपलेले गोरे शिपाई आपापल्या पलटणीतून येथे पाठवले जात आणि मुंबईहून जहाज मिळेपर्यंत येथेच ठेवले जात. सैन्य ने-आण करणारी जहाजे मात्र साधारणपणे थंडीच्या महिन्यांतच चालत. म्हणजे ज्याची मुदत नेमकी हंगाम संपल्यावर भरली, त्याला उन्हाळा आणि सबंध पावसाळा येथे काढावा लागे. फ्रँक रिचर्ड्स नावाच्या एका जुन्या शिपायाने १९३६ साली आपल्या हिंदुस्थानातील चाकरीच्या आठवणी प्रसिद्ध केल्या. त्यांत या प्रतीक्षेचे वर्णन आहे. वर्षानुवर्षे शिस्तीत राहिलेली, एकही ठपका नसलेली माणसे येथे येऊन बिघडत, मारामाऱ्या करत, नको त्या संगतीला लागत, शिक्षा ओढवून घेत. काहींच्या डोक्यावर परिणाम होई. कोणी म्हणतात, तो खराच हिवताप असावा. हिवतापाचा वाटा असेलही. त्या काळी तो होताच. पण शिपायांनी स्वतः त्या आजाराला जे नाव दिले, त्यात गावाचे नाव आधी आहे आणि ताप नंतर.

आता विचार करा. या शिपायांना कशाचे कष्ट होते? लढाई नव्हती. जेवण वेळेवर मिळत होते. काम फारसे नव्हते. घरी जायचे नक्की झालेले होते. आणि गाव कोणते? तर देवळाली! पुढे ज्या हवेसाठी मुंबईच्या पारशी, गुजराती, कच्छी कुटुंबांनी येथे बंगले आणि आरोग्यभवने बांधली, ज्या हवेत क्षयाचे रोगी बरे व्हायला येत, ती हीच हवा. एकाच गावात, एकाच झाडाखाली एक मनुष्य बरा होत होता आणि दुसऱ्याचे डोके फिरत होते. बरे होणारा येथे राहायला आलेला होता. दुसरा शरीराने येथे होता. पण त्याचा जीव मुंबईच्या बंदरात, न आलेल्या जहाजाच्या शिडीवर टांगलेला होता.

मंडळी, आपल्यापैकी प्रत्येकाचे एक जहाज आहे. मुलाची बारावी होऊ द्या. घराचे हप्ते फिटू द्या. बदली नाशिकला होऊ द्या. मुलीचे लग्न होऊ द्या, मग निवांत होऊ. आणि निवृत्ती हे तर साऱ्या जहाजांचे जहाज. माझे वडील सरकारी नोकरीत होते. निवृत्तीनंतर दारणेच्या काठी, गावाकडच्या घरी ओसरीवर बसून ज्ञानेश्वरी वाचायची, असे ते मला आठवते तेव्हापासून म्हणत. त्या ज्ञानेश्वरीला त्यांनी चांगले कव्हरही घालून ठेवले होते. ते निवृत्त झाले आणि पाचव्या महिन्यात गेले. कव्हर अजून नवे आहे. यावर मी अधिक बोलत नाही.

मी कला शाखेचा पदवीधर, विज्ञानाचे दाखले जपून देतो. पण एक अभ्यास माझ्या मनात रुतून बसला आहे. २०१० साली अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या किलिंग्जवर्थ आणि गिल्बर्ट या दोन संशोधकांनी २,२५० माणसांना दिवसभरात अवचित वेळी विचारले की, आत्ता तुम्ही काय करत आहात, तुमचे मन कोठे आहे आणि तुम्ही किती सुखी आहात. जवळजवळ ४७ टक्के वेळा माणसांचे मन हातातल्या कामावर नव्हते, आणि मन भटकत असताना ती कमी सुखी होती. यात नवल नाही. नवल पुढे आहे. मन सुखद गोष्टीकडे भटकले असले, तरी माणूस हातातल्या कामात असताना जितका सुखी असतो, त्याहून अधिक सुखी होत नव्हता. म्हणजे जहाजाचे गोड स्वप्न पाहणाऱ्यालाही त्याचा काही लाभ नाही.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. लासलगावच्या बाजारात कांदा विकून ज्याच्या हाती गाडीभाडेसुद्धा उरले नाही, त्याला 'पावसाच्या पहिल्या थेंबाचा गंध घ्या' असे सांगणे हा उद्धटपणा होईल. त्याला भाव हवा आहे. ज्याला खरोखरीचे मानसिक आजारपण आहे, त्याला डॉक्टर हवा आहे, आणि 'मन रमव म्हणजे बरे वाटेल' असे त्याला सांगणाऱ्या नातेवाइकांनी त्याचे फार नुकसान केलेले मी पाहिले आहे. मी बोलतो आहे ते आपल्यासारख्यांविषयी : ज्यांचे दोन वेळचे नीट चालले आहे, आणि तरीही ज्यांचा ताप उतरत नाही.

त्या शिपायांकडे पुन्हा येऊ. छावणीत यावर काही उपायच केला गेला नाही, असे नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास येथे तोफखान्याचे एक करमणूक पथक होते. शिपाईच गाणी म्हणत, नकला करत, बायकांची सोंगे घेत. त्या पथकातला जिमी पेरी नावाचा तरुण पुढे इंग्लंडात नामवंत लेखक झाला आणि डेव्हिड क्रॉफ्ट यांच्या जोडीने त्याने त्या आठवणींवर बीबीसीसाठी एक विनोदी मालिका लिहिली. १९७४ ते १९८१ अशी सात वर्षे ती चालली. तिचे सुरुवातीचे भाग देवळालीतच घडतात. मालिकेतले हिंदुस्थानी माणसाचे चित्रण आपल्याला आवडण्यासारखे नाही, आणि तेथेही नंतर त्यावर टीका झाली. ते असो. मला त्यातले एवढेच घ्यावेसे वाटते की, ज्या छावणीत रिकाम्या वाट पाहण्याने माणसे बिघडली, त्याच छावणीत संध्याकाळच्या प्रयोगासाठी एखादी विग चिकटवत बसलेला पोरगा मात्र टिकला.

आणि आता येथून काही मैलांवरची दुसरी गोष्ट. भगूर हाकेच्या अंतरावर असल्यामुळे तुरुंगाचा विषय निघाला की, आपले मन सरळ अंदमानला जाते. ती तेजस्वी कहाणी आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. आज मी शेजारच्याच, नाशिकच्या तुरुंगातली एक सौम्य गोष्ट सांगतो. १९३३ सालच्या फेब्रुवारी महिन्यात तेथे एक शिक्षक शिक्षा भोगत होते. दिवसाचे काम सांभाळून, मिळेल त्या वेळात त्यांनी ९ तारखेला, गुरुवारी लिहायला घेतले आणि १३ तारखेला, सोमवारी ते लेखन पुरे झाले. पाच दिवस. त्या पाच दिवसांत लिहिले गेले ते 'श्यामची आई'.

साने गुरुजींच्या सगळ्याच मतांशी या सभागृहातले सगळे सहमत असतील, असे नाही. पण ते पुस्तक आपल्या प्रत्येकाच्या घरात आहे. ते पुन्हा एकदा या दृष्टीने वाचा. तुरुंगात बसलेला, सुटकेकडे डोळे लावून बसण्याचा पूर्ण अधिकार असलेला मनुष्य काय आठवतो आहे? आई जाऊन तेव्हा पंधरा-सोळा वर्षे लोटली होती. तो आठवतो आहे पत्रावळ लावायला शिकणे. उमलण्यापूर्वीच तोडलेल्या मुक्या कळ्या. मोरी गाय. मीठ घालायचे राहून गेलेली भाजी. कोकणातल्या एका ओढग्रस्त घरातले हे वैभव! ज्या घरावर कर्ज होते, जप्ती आली, त्या घरातून हे इतके सोबत नेता आले. कारण घडत असताना त्या मुलाने ते डोळे उघडे ठेवून पाहिले होते. लक्ष न देता जगलेले क्षण तुरुंगात आठवायचे म्हटले, तरी आठवत नाहीत.

त्या मीठ नसलेल्या भाजीपाशी मला थोडे थांबायचे आहे. प्रकरणाचे नाव 'अळणी भाजी'. वडिलांनी तक्रार केली नाही, मुलेही निमूट जेवून उठली. आई सर्वांत शेवटी पानावर बसली, तेव्हा तिला कळले की, भाजीत मीठच नाही. ही गोष्ट आपण आजवर वडिलांच्या समजूतदारपणाची म्हणून सांगत आलो. मीही तशीच सांगत असे. पण आई सर्वांत शेवटी जेवायला बसली, हे त्यातले वाक्य माझ्या डोळ्यांसमोरून चाळीस वर्षे तसेच निसटून गेले. ते मला दिसले देवळालीत.

बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा पंचेचाळीस वर्षांचा होतो. एका वृत्तपत्रात रात्रपाळीचे काम. घरी यायला दोन, अडीच. सकाळी उठलो की, पुन्हा दूरध्वनी. शिवाय रविवारच्या पुरवणीत माझे एक सदर होते, आणि ते कशावर असावे? तर जगण्यातल्या साध्या आनंदांवर! पहिला मृद्गंध, कोजागरीचे दूध, वाळा घातलेले माठातले पाणी, यांवर मी फार रसाळ लिहीत असे. वाचकांची पत्रे येत. ते लेख मी कार्यालयात, धुराने भरलेल्या खोलीत, पहाटे दीडला, शिळा वडा खात लिहिलेले असत. एके रात्री तेथेच चक्कर येऊन पडलो. रक्तदाबाचा वरचा आकडा १८०च्या पुढे. डॉक्टरांनी तीन आठवडे सक्तीची विश्रांती सांगितली आणि एका स्नेह्यांच्या ओळखीने येथे, देवळाली कॅम्पमध्ये एका आरोग्यभवनात दोन खोल्या मिळाल्या. पत्नी सोबत आली.

पहिले दहा दिवस मी त्या गोऱ्या शिपायासारखा वागलो. भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज एक फुली मारायची. दिवसातून सहा वेळा कार्यालयात दूरध्वनी. व्हरांड्यात बुचाच्या फुलांचा सडा पडे, तो मी चपलेने बाजूला सारून वर्तमानपत्राची वाट पाहत असे. तोफखान्याच्या मैदानावरून तोफांच्या सरावाचा आवाज येई, त्याने खिडकीची तावदाने थरथरत आणि मी तेवढ्यावरूनही चिडत असे. तुम्हा मंडळींना त्या आवाजाची इतकी सवय की, त्यावर तुम्ही घड्याळ लावता.

आरोग्यभवनात जेवणघर होते. दोन बायका स्वयंपाक करत आणि तव्यावरची पोळी थेट ताटात आणून वाढत. एके दिवशी पत्नी जेवताना मध्येच थांबली. मला वाटले, ठसका लागला. ती म्हणाली, "अहो, गरम पोळी अशी लागते, हे मी विसरूनच गेले होते."

बस्, एवढेच. तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. ती खरोखरच आनंदली होती. तिने आणखी एक पोळी मागून घेतली, जी ती घरी कधी घेत नाही. आणि मी हिशेब करत बसलो. लग्नाला तेव्हा एकोणीस वर्षे झाली होती. आधी माझे ताट, मग मुलांची डब्याची घाई, मग माझी आई, आणि सर्वांचे झाल्यावर डब्यातली तळाची पोळी घेऊन ही. एकोणीस वर्षे मी गरमागरम पोळीवर पडणाऱ्या तुपाच्या सुखावर लेख लिहीत होतो, आणि ते सुख ज्या हातांतून येत होते, त्या हातांच्या वाट्याला ते एकदाही गेले नव्हते. त्याच दुपारी मला 'अळणी भाजी' नीट वाचता आली.

आणि हेही सांगितले पाहिजे की, त्या जेवणघरातल्या दोन बायकांना गरम पोळी कोण वाढत होते, हे मी तेव्हा विचारले नाही.

तेव्हापासून छोट्या आनंदांविषयी मी जरा सावधपणे बोलतो. रविवारची सकाळ, पाय पसरून बसलेला कर्ता पुरुष, हातात चहाचा कप, समोर कांदापोहे : हे चित्र सुखाचे आहेच. पण त्या सकाळी पाच वाजता कोण उठले होते, हा प्रश्न त्या चित्रात बसवून पाहावा. घरातल्या एकाचा निवांतपणा दुसऱ्याच्या धावपळीतून निघत असेल, तर घरातला एकूण ताप तेवढाच राहतो. फक्त तो एका डोक्यावरून दुसऱ्या डोक्यावर जातो. आपल्या पूर्वजांच्या व्यवस्थेतही हा दोष होता, तो नाकारण्यात अर्थ नाही. मात्र एक शहाणपण त्या व्यवस्थेत होते. तिने लहान आनंदांना तिथी नेमून दिल्या होत्या. चैत्रातले हळदीकुंकू, आंब्याची डाळ आणि पन्हे, कोजागरीचे आटीव दूध, थंडीतला हुरडा, दिवाळीच्या पहाटेचे अभ्यंगस्नान. मन प्रसन्न आहे की नाही, सवड आहे की नाही, हे कोणी विचारत नसे. तिथी आली की पन्हे करायचे. आणि चैत्रातल्या त्या एका दुपारी घरची बाई पाहुणी म्हणून दुसऱ्याच्या घरी जाऊन बसे, तिच्या हातावर अत्तर लावले जाई, तिला कोणीतरी वाढी. ही सवड आपण घालवली, आणि तिच्या जागी नवी दिली नाही.

समोर बसलेल्या कार्यकर्त्यांशी मला थोडे वेगळे बोलायचे आहे. तुम्ही म्हणाल, समाजाचे एवढे काम पडले असताना हे लाड कशाला? हा प्रश्न खोटा नाही. पण त्याचे एक उत्तर मला दुर्गाबाई भागवतांच्या आयुष्यात सापडते. १९७५ साली, आणीबाणीच्या ऐन अंधारात कराडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून ज्यांनी न डगमगता आणीबाणीचा निषेध केला आणि पुढच्या वर्षी ज्यांना अटक झाली, त्या दुर्गाबाई. येथे काही वडीलधारी मंडळी अशी असतील, ज्यांनी ते दिवस स्वतः मिसाखाली नाशिकरोडच्या तुरुंगात काढले. त्यांना त्या निषेधाचे मोल सांगायला नको. त्याच दुर्गाबाईंनी १९५६ साली 'ऋतुचक्र' लिहिले. महिन्यामागून महिना झाडे, फुले, पाऊस, आकाश पाहत लिहिलेले. तरुणपणी संशोधनासाठी जंगलात हिंडताना त्यांना विषबाधा झाली होती आणि कितीतरी वर्षे आजारपणात गेली होती. पांगाऱ्याचे फूल पाहायला थांबणारी बाई सत्तेसमोर वाकली नाही. या दोन गोष्टींचा परस्परांशी संबंध आहे, असे मला वाटते; सिद्ध करून मात्र दाखवता येणार नाही.

उलट, घरातल्या चिमुरडीने काढलेले चित्र पाहायला ज्याला दोन मिनिटे नाहीत, 'आज बैठक आहे' हे ज्याच्या घरातले सर्वांत जास्त वेळा ऐकू येणारे वाक्य आहे, असा कार्यकर्ता बैठकीतही किडका आणि चिडका होत जातो. मी नावे घेत नाही. पत्रकारांतही असे पुष्कळ आहेत, आणि त्यांतल्या एकाला मी फार जवळून ओळखतो.

आरोग्यभवनातले उरलेले अकरा दिवस मी काय केले, असे कोणी विचारले तर सांगण्यासारखे थोडेच आहे. कॅलेंडरवर फुल्या मारणे थांबवले. सकाळी आम्ही दोघे लॅम रोडने चालत जात असू. जुन्या बंगल्यांची कौले, एखादा टांगा, रेल्वेची शिट्टी. द्राक्षांचे दिवस होते. एके दिवशी पत्नीने पावशेर द्राक्षे घेतली आणि घरी नेऊन सर्वांत वाटायची सवय असलेल्या त्या बाईने ती रस्त्यातच, एकेक करून, चालता चालता संपवली. मला चार दिली. रक्तदाब तीन आठवड्यांत उतरला. औषधाने उतरला, हे प्रामाणिकपणे सांगतो. गोळी आजही चालू आहे. पण परत गेल्यावर मी रात्रपाळी मागून बदलून घेतली, पगारात थोडा तोटा सोसला, आणि ते रविवारचे सदर बंद केले. संपादकांना कारण सांगितले नाही.

आणि आणखी एक केले. रविवारी संध्याकाळी तवा माझ्याकडे असतो. पहिल्या महिन्यातल्या पोळ्या आमच्या मुलांनी नकाशांच्या वहीत लावायच्या लायकीच्या ठरवल्या होत्या. कणीक सैल होई, पोळी फुगतच नसे. नियम एकच, पहिली पोळी तव्यावरून थेट हिच्या ताटात. सुरुवातीला तिला ते फार अवघड गेले. चार वेळा उठे, 'द्या इकडे' म्हणे. बसून राहणे हेसुद्धा शिकावे लागते, हे मला तेव्हा कळले. आता ती बसते. वर्तमानपत्र वाचत बसते आणि मधूनच, 'करपली का हो?' असे विचारते.

आज रविवार आहे. आयोजकांना मी आधीच सांगून ठेवले आहे की, आभारप्रदर्शन थोडक्यात आटोपा, कारण मला आठच्या आत नाशिकला पोहोचायचे आहे. कणीक भिजवून ठेवायचे ती करणार आहे, पुढचे माझे. पोळ्या अजून गोल होत नाहीत. फुगतात मात्र.